फाशीचा टाक

"आणि आता," दादासाहेब आवाज खाली आणत म्हणाले, "ज्याच्यासाठी आपण आलात, ते."

हे वाक्य कानावर आलं की मी चहाचं आधण ठेवायची. पुढची गोष्ट संपेपर्यंत चहा बरोबर तयार व्हायचा. इतकी ती घोटलेली होती.

दादासाहेब म्हणजे माझे सासरे, अच्युतराव मुल्हेरकर, निवृत्त सेशन्स जज्ज. मी लग्न होऊन पुण्याच्या त्या बंगल्यात गेले तेव्हा त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. अंगात उरलेला सगळा रुबाब त्यांनी पुढच्या खोलीतल्या काचेच्या कपाटांत मांडून ठेवला होता. लिहिण्याच्या जुन्या वस्तू जमवायचा त्यांना नाद होता. दोन दौतींच्या मधोमध चांदीचं सांबर उभं असलेलं एक कलमदान, कागद कापायच्या हस्तिदंती सुऱ्या, पोटात फुलं असलेले काचेचे पेपरवेट, पितळी मोहोरा, ओल्या शाईवर वाळू भुरभुरायची भोकाभोकांची डबी, मोराचं पीस खोचलेली लेखणी. कुठल्यातरी साहेबाच्या मेजावरून आलेलं काही, कुठल्यातरी संस्थानाच्या लिलावातलं काही. एवढं लिहिण्याचं सामान आणि त्या खोलीत शाईचा थेंब नव्हता. शाईनं चांदी खराब होते म्हणे. स्वतः दादासाहेब साधं पोस्टकार्डसुद्धा माझ्या नवऱ्याला सांगून त्याच्या बॉलपेननं लिहून घ्यायचे.

दर शनिवारी मलमलच्या फडक्यानं हे सगळं पुसायचं काम माझ्याकडे होतं. मी पुसत असताना ते मागे उभे राहायचे. "डावीकडून. डावीकडून हात फिरव." बी.ए.ला मला पहिला वर्ग होता. तो त्या घरात फक्त डावीकडून हात फिरवायच्या कामी आला.

रविवारी पाहुणे यायचे, आणि सगळ्यात शेवटी मखमलीची पेटी उघडायची. आत एक साधा लाकडी टाक होता. शाईत बुडवून लिहायचा, जुन्या कचेऱ्यांत असायचा तसला. त्याची निब मोडलेली होती.

"फाशीची शिक्षा लिहिली की न्यायाधीशानं निब मोडायची असते," दादासाहेब सांगायचे. "जिनं माणसाचं मरण लिहिलं तिनं पुन्हा काही लिहू नये. ही मी मोडली. आयुष्यात एकदाच. आरोपी विणकर होता. मागाच्या कारखान्यातल्या मुकादमाचा खून केला होता त्यानं. मी निकाल वाचला. कोर्टात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. त्यानं हात जोडले आणि म्हणाला, 'साहेब, माझ्या पापाला आपल्या हातून शासन झालं, हे माझं भाग्य. माझं मन आता शांत आहे.' शब्दन् शब्द आठवतो मला. हसत फासावर गेला तो माणूस."

इथे पाहुणे काहीतरी पुटपुटायचे. बायका पदर ओठाला लावायच्या. मग मी चहाचा ट्रे घेऊन आत जायची. मलाही पहिल्यांदा ऐकताना अंगावर काटा आला होता. चौथ्या-पाचव्यांदा वाटलं, मरणाच्या दारात उभा असलेला विणकर इतका नेटका बोलेल कसा? पण सुनेनं असले प्रश्न विचारायचे नसतात, म्हणून मी बिस्किटं मोजकी ठेवायला शिकले.

त्या वर्षी एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत दादासाहेबांच्या संग्रहावर लेख आला. बातमीदार पोरसवदा होता, दादासाहेब सांगतील ते सगळं लिहून घेत होता. टाकाची गोष्ट तर त्यानं चौकटीत छापली. आणि एरवी 'एक विणकर' एवढ्यावरच थांबणाऱ्या दादासाहेबांनी या वेळी, छापून येणार म्हणून, त्याचं नावही सांगून टाकलं. नरसय्या येमूल. गावाचं नाव सांगितलं, सालही सांगितलं. ते गाव मी इथे सांगत नाही. त्यांनी एकदा सांगितलं तेवढं पुरे. दादासाहेबांनी लेखाच्या दहा प्रती आणवल्या आणि सोसायटीत वाटल्या.

महिना-दीड महिन्यानं एक पोस्टकार्ड आलं. 'आपल्या संग्रहाविषयी वाचले. पाहण्याची इच्छा आहे. गुरुवारी सकाळी आल्यास चालेल का? सुगुणा कोंडा, शिक्षिका.' अक्षर सुरेख होतं. शिक्षकवर्गही आपल्याकडे येऊ लागला म्हणून दादासाहेब खूश झाले. माझ्या नवऱ्याच्या बॉलपेननं होकार गेला.

गुरुवारी दार मी उघडलं. पस्तिशीची सावळी, ताठ बांध्याची बाई उभी होती. हातात कापडी पिशवी. तिच्या मागे एक म्हातारा, धोतर, पांढरा सदरा, खांद्यावर पंचा आणि जाड भिंगांचा चष्मा.

"हे कोण?" दादासाहेबांनी विचारलं.

"माझे वडील. त्यांनाही बघायचंय."

दादासाहेबांनी म्हाताऱ्याच्या पायांकडे पाहिलं. "चपला बाहेर काढायला सांगा. आणि काचेला हात लावायचा नाही."

सगळा कार्यक्रम नेहमीच्या क्रमानं झाला. चांदीचं सांबर झालं, वाळूची डबी झाली. म्हातारा प्रत्येक कपाटापुढे वाकून बघायचा आणि काही बोलायचा नाही. बाईही गप्प होती. इतके गप्प पाहुणे दादासाहेबांना आवडत नसत, पण गोष्ट तर सांगायचीच होती.

"आणि आता, ज्याच्यासाठी आपण आलात, ते."

मी आधण ठेवून दाराशी येऊन उभी राहिले. का कोण जाणे, मला ती बाई बघावीशी वाटत होती. दादासाहेबांनी पेटी उघडली, निब, शांतता, हात जोडणं, भाग्य, सगळं सांगितलं. "हसत फासावर गेला तो माणूस," म्हणून ते थांबले. पाहुण्यांनी पुटपुटायची ही वेळ.

बाई म्हणाली, "हे सगळं ते मराठीत बोलले?"

"अर्थात."

"त्यांना तेव्हा मराठी येत नव्हतं. घरात तेलुगू बोलायचे, मागावर तेलुगू बोलायचे. कोर्टात दुभाषी होता."

दादासाहेबांची भुवई वर गेली. "मग दुभाष्यानं सांगितलं असेल."

"आत्ता तुम्ही म्हणालात, शब्दन् शब्द आठवतो."

"बाई, आपण कोण?"

"मी सुगुणा. कोंडा हे सासरचं आडनाव. माहेरची येमूल." तिनं म्हाताऱ्याच्या दंडाला हात लावला. "आणि हे नरसय्या येमूल."

मी दाराची चौकट धरली. मला आधी अर्थच लागला नाही. ज्या माणसाला मी दर रविवारी चहा उकळेपर्यंत फासावर जाताना ऐकत होते, तो आमच्या सतरंजीवर अनवाणी उभा होता.

दादासाहेब त्याच्याकडे बघत राहिले. कुणी एखादी दौत विकायला आणली की खरी का नकली हे ठरवायला ते जसे बघत, अगदी तसे. मला वाटलं, आता हा माणूस कोसळेल. खुर्चीत बसेल, पाणी मागेल, काहीतरी होईल त्याला. पण ते शांतपणे म्हणाले,

"हो. तुम्हाला संशयाचा फायदा मिळाला होता."

म्हणजे त्यांना माहीत होतं. ते विसरले नव्हते, त्यांची गल्लत झाली नव्हती. इतकी वर्षं, इतके रविवार, हा माणूस जिवंत आहे हे माहीत असून ते त्याला चहाबरोबर फाशी देत होते.

"संशयाचा फायदा नाही," सुगुणा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण पिशवीचा बंद तिनं मुठीत आवळला होता. "ज्यानं पाहिलं म्हणून साक्ष दिली तो त्या दिवशी गावातच नव्हता. तसा पुरावा तुमच्यासमोर आला होता, तुम्ही तो बाजूला ठेवलात. हायकोर्टानं हे लिहिलंय. निर्दोष म्हणून सोडलं त्यांना. ते घरी आले, आम्ही दुसऱ्या गावी गेलो, त्यांनी पुन्हा माग घातला. माझी धाकटी बहीण त्यानंतरची."

"ठीक आहे. मग आता आपलं काय म्हणणं आहे?"

"तिचं लग्न ठरत आलंय. मुलाकडच्यांनी तुमचा लेख वाचला. ते म्हणतात, जज्जसाहेब खोटं कशाला सांगतील? मोठ्या माणसानं छापून आणलंय त्याअर्थी काहीतरी असणारच. आम्ही निकाल दाखवला. ते म्हणाले, निकाल इंग्रजीत आहे, आम्हाला काय कळतं, पेपर मराठीत आहे. दोन ओळी लिहा साहेब. नरसय्या येमूल यांना फाशी झाली नाही, ते निर्दोष सुटले. एवढंच. पेपरला मी स्वतः नेऊन देते."

दादासाहेबांनी मखमलीची पेटी बंद केली. "वर्तमानपत्रात खुलासे करत बसणं माझ्या पदाला शोभत नाही."

"तुम्ही निवृत्त आहात."

"पद निवृत्त होत नसतं, बाई."

हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं की त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं, मी ऐकलं की नाही ते बघायला.

तेव्हा म्हातारा पहिल्यांदा बोलला. मराठी तुटक होती, पण स्वच्छ. "साहेब, मी त्या दिवशी एकच बोललो. एमन्नारू? म्हणजे, काय म्हणाले? दुभाष्याला विचारलं. तो खाली बघत होता. परत विचारलं, एमन्नारू? कोणी सांगेना. तुम्ही उठून आत गेला होता. जेलच्या गाडीत एका शिपायानं सांगितलं, तुला फाशी आहे."

तो थांबला. पुढे काही बोलेल असं वाटलं, पण तेवढंच त्याला सांगायचं होतं. बोलता बोलता त्याचं बोट कपाटाच्या काचेला टेकलं होतं.

दादासाहेबांनी खिशातून रुमाल काढला आणि काचेवरचा डाग पुसला.

"कुमुद," ते मला म्हणाले, "यांना चहा दे. दुरून आलेत."

त्यांनी चहा घेतला नाही. मी फाटकापर्यंत गेले. म्हातारा वाकून चपला घालत होता. सुगुणानं मला विचारलं, "तुम्ही सांगून बघाल?"

"बघते," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला कळलं, हे 'बघते' तिनं पुष्कळ दारांत ऐकलेलं आहे. तरी तिनं पत्ता लिहून दिला. "मुलाकडचे महिनाअखेरपर्यंत थांबतायत," म्हणाली.

आत आले तेव्हा सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांना सगळे माई म्हणत. स्वयंपाकघर आणि पुढची खोली यांत एक पातळ भिंत होती. त्यांना सगळं ऐकू गेलं असणार. त्यांनी मान वर केली नाही. मला त्यांचाही राग आला. त्या घरात तोंड न उघडणं हाच संसार, असं त्यांना वाटत असावं.

संध्याकाळी माझा नवरा, प्रफुल्ल, बँकेतून आला. मी सांगायला सुरुवात केली, तसा तो बुटाची नाडी सोडता सोडता म्हणाला, "हो, सुटला होता तो. मला माहितीय."

"कधीपासून?"

"शाळेत होतो तेव्हापासून. घरात सगळ्यांनाच माहितीय."

"आणि दर रविवारी तू तिथे बसून ऐकतोस?"

"अगं, जुनी गोष्ट आहे. दादांना सांगायला आवडतं. कोणाचं काय बिघडतं?"

"बिघडलंय की! त्या मुलीचं लग्न अडलंय."

"ते लोक आणखी कशावरून तरी अडवतील." त्यानं बूट नीट जोडीनं ठेवले. हा माणूस बुटांच्या बाबतीत कधी चुकला नाही. "तू यात पडू नकोस."

रविवारी नवे पाहुणे आले. एका कॉलेजचे प्राचार्य आणि त्यांची बायको. माझी समजूत होती की निदान या रविवारी तरी ती पेटी बंद राहील. दादासाहेबांना मी तोवर पुरतं ओळखलेलंच नव्हतं. पेटी उघडली. निब, शांतता, भाग्य, सगळं झालं. मी ट्रे घेऊन दाराशी पोचले तर गोष्ट संपलेली नव्हती.

"आणि विधिलिखित बघा," दादासाहेब म्हणत होते. "हायकोर्टानं पुढे दया दाखवली त्याला. आणि याच गुरुवारी तो म्हातारा इथे आला होता. याच जागी. मुलीला घेऊन. माझ्या पायांवर डोकं ठेवलं त्यानं. म्हणाला, 'साहेब, आपल्या त्या निकालानं मला माणूस केलं.'"

प्राचार्यांच्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. प्राचार्य म्हणाले, "काय प्रसंग! काय प्रसंग!" माझा नवरा खिडकीबाहेर बघत होता.

मी ट्रे त्या चकचकीत शिसवी मेजावर ठेवला, खाली काही न घालता.

"त्यांनी पायांवर डोकं ठेवलं नाही," मी म्हणाले. "चहासुद्धा घेतला नाही. त्यांच्यावर दया झालेली नाही, ते निर्दोष सुटलेत. ते यांच्याकडून दोन ओळी मागायला आले होते, आणि यांनी दिल्या नाहीत."

माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा बारीक निघाला. खोलीत खरीखुरी शांतता झाली. मग दादासाहेब हसले. अगदी प्रेमळ हसले.

"सूनबाई त्या वेळी स्वयंपाकघरात होत्या," ते पाहुण्यांना म्हणाले. "ट्रे उचल बाळ, मेजावर डाग पडेल."

प्राचार्यही हसले. त्यांनी त्या क्षणी कोणावर विश्वास ठेवायचा ते ठरवून टाकलं. फार वेळ लागला नाही त्यांना. त्यांची बायको मात्र चहा पिताना माझ्याकडे चोरून बघत होती. तिलाही पुढे काही विचारायचं नव्हतं. चहा चांगला झालाय, म्हणाली.

मी स्वयंपाकघरात आले, प्रफुल्लचं लिहायचं पॅड घेतलं आणि ओट्याजवळच्या स्टुलावर बसून संपादकांना पत्र लिहायला घेतलं. 'आपल्या पुरवणीतील लेखात' एवढं लिहून झालं तोच माई समोर येऊन बसल्या.

"काय लिहितेस?"

"खरं काय ते. तुम्ही अडवू नका मला."

"अडवत नाही. वाच बघू."

मी वाचलं. माई थोडा वेळ बांगड्या फिरवत राहिल्या. मग तांदळात खडा सापडावा तशा सहज आवाजात म्हणाल्या, "ती निब निकालाच्या दिवशी मोडलेली नाही."

"म्हणजे?"

"निकालाच्या दिवशी हे घरी आले, नीट जेवले. श्रीखंड केलं होतं मी. दोनदा वाढून घेतलं. म्हणाले, आज मोठं काम उरकलं. एका माणसाला फाशी दिल्याचं मला दुसऱ्या दिवशी शेजारणीनं सांगितलं." त्यांनी पदरानं ओटा पुसला, तो स्वच्छच होता. "टाक मोडला तो हायकोर्टाचा निकाल आला त्या दिवशी. त्यात यांच्याबद्दल वाईट लिहिलं होतं. पुरावा डोळ्यांआड केला, असं. यांची बढती होणार होती, ती गेली. घरी मेजावर हा टाक होता, तो उचलून भिंतीवर फेकला. प्रफुल्ल लहान होता, घाबरून रडायला लागला. भिंतीवर शाई उडाली होती. ती घासून घासून मी काढली. गेली नाही, मग तिथे कॅलेंडर लावलं."

मी पेन खाली ठेवलं.

"पुढे निवृत्त झाल्यावर कधीतरी तो टाक अडगळीत सापडला. मग ही गोष्ट सुरू झाली. आधी लहान होती. मग वाढत गेली. ती मखमलीची पेटी माझ्या पाटल्यांची आहे."

"आणि तुम्ही इतकी वर्षं..."

"हो," माई म्हणाल्या. "मी इतकी वर्षं. तो माणूस कुठेतरी लांब आहे, त्याला कुठे कळतंय, असं म्हणायची मी. परवा त्याचा आवाज ऐकला भिंतीपलीकडून." त्यांनी पॅड माझ्याकडे सरकवलं. "लिही. टाकाचं पण लिही. आणि खाली माझं नाव घाल. आधी माझं, मग तुझं."

"माई, घरात काय होईल?"

"काय होणार? जेवायला तर माझ्याच हातचं लागतं."

मग आम्ही दोघींनी मिळून ते पत्र लिहिलं. मी 'त्यांची निर्दोष मुक्तता झाली' असं लिहिलं होतं. माई म्हणाल्या, "असं नको. ते निर्दोष होते, आणि सुटले, असं लिही." शेवटी त्यांनी चष्मा लावला, पेन माझ्या हातातून घेतलं आणि एकेक अक्षर कोरत सही केली. यमुना अच्युत मुल्हेरकर. त्यांची सही मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. बाहेर प्राचार्य निरोप घेत होते, धन्य झालो वगैरे म्हणत होते.

सोमवारी पत्र मी स्वतः त्या दैनिकाच्या कचेरीत नेऊन दिलं. जज्जाच्या बायकोची सही पाहिल्यावर तिथल्या माणसानं मला बसायला खुर्ची दिली. पुढच्याच रविवारी ते छापून आलं, त्याच पुरवणीत, आणि कोपऱ्यात नाही, चांगलं ठळक.

दादासाहेब सकाळी पुरवणी उघडून बसले होते. आम्ही तिघं तिथेच होतो. प्रफुल्लनं आधी वाचलं होतं. तो भिंतीला पाठ लावून उभा होता, चेहरा पांढराफटक. दादासाहेबांनी पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. मी त्यांच्या कपाळाकडे बघत होते. लाज, राग, काहीतरी उमटेल म्हणून. माणूस असता तर उमटलं असतं.

त्यांनी चष्मा काढला.

"'सुटले' हा शब्द कायद्यात बसत नाही," ते म्हणाले. "'निर्दोष मुक्तता झाली' असं हवं. छापायला देण्याआधी मला मसुदा दाखवायला हवा होता."

"मीच सांगितलं तिला, सुटले लिही म्हणून," माई म्हणाल्या. "सगळ्यांना कळतो तो शब्द."

दादासाहेबांनी पुरवणीची घडी घातली. मग ते आत गेले, कोट घालून आले आणि पुढच्या खोलीत पाहुण्यांची वाट बघत बसले. त्या रविवारी कोणी आलं नाही. पुढच्या रविवारीही नाही. सोसायटीतल्या ज्या लोकांनी लेखाची प्रत जपून ठेवली होती ते आता फाटकासमोरून जाताना भराभर पावलं उचलायचे. दादासाहेब कोट घालून बसायचे, बारा वाजले की काढून ठेवायचे. माझ्याशी ते पुढे कधी थेट बोलले नाहीत. काही सांगायचं झालं की प्रफुल्लकरवी निरोप यायचा. मला त्याचं दुःख झालं नाही. शनिवारचं पुसणं मी बंद केलं. ते स्वतः पुसू लागले, डावीकडून.

प्रफुल्लनं बराच काळ मला "काय मिळवलंस?" असं विचारलं. त्याला खरंच कळत नव्हतं, म्हणून मी उत्तर देत नव्हते.

महिनाअखेर उलटून गेल्यावर एके दिवशी सुगुणा आली. दार माईंनी उघडलं. मी आतून बघते तर माई तिला हाताला धरून पुढच्या खोलीत घेऊन आल्या आणि दादासाहेबांच्या त्या मोठ्या खुर्चीत बसवलं. दादासाहेब फिरायला गेले होते. असते तरी माईंनी तिला तिथेच बसवलं असतं, असं मला तेव्हा वाटलं.

"काय झालं लग्नाचं?" मी विचारलं.

"मुलाकडचे आले होते," सुगुणा म्हणाली. "तुमचं पत्र घेऊनच आले. म्हणाले, आता शंका नाही, जज्जसाहेबांच्या घरातूनच लिहून आलंय. मुहूर्त काढू या."

"मग?"

"बहिणीनं नाही म्हणून सांगितलं."

माई आणि मी एकमेकींकडे बघायला लागलो.

"आम्ही सगळ्यांनी समजावलं तिला," सुगुणा म्हणाली. "ती ऐकेना. म्हणाली, माझे वडील तुमच्यासमोर बसून सांगत होते तेव्हा तुम्हाला पटलं नाही. मोठ्या घरच्या बायकांनी लिहिलं तेव्हा पटलं. अशा घरात मी येत नाही." ती थोडी ओशाळून हसली. "तुम्ही एवढं केलंत आणि हिनं असं केलं. राग मानू नका. वडील तर त्या दिवसापासून तिच्या पानात आधी वाढायला लावतायत."

मला क्षणभर खरंच राग आला. आम्ही घरात वैर घेतलं, आणि त्या पोरीनं आमच्या उपकारासकट सगळं परत केलं. मग लक्षात आलं की तिनं एकाच वाक्यात मुलाकडच्यांना ओळखलं होतं, प्राचार्यांना ओळखलं होतं, आणि थोडंसं मलाही.

माईंनी कपाळाला हात लावला आणि त्या हसायला लागल्या. आवाज दाबून नाही, चांगल्या मोठ्यानं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी त्या घरात इतकी वर्षं काढली, माईंना असं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

"तिला घेऊन ये एकदा," त्या सुगुणाला म्हणाल्या. "मला बघायचीय ती मुलगी."